न धुतलेला शर्ट

पेठ रोड, नाशिक
२ मे

ज्ञानेशचे बाबा,

सप्रेम नमस्कार, पत्रास कारण की, असलं काही लिहिणार नाही. कारण तुम्हीच टोपलीत घालून पाठवलंत.

सकाळी पेठ नाक्यावरून जीपवाल्या गोटीरामचा फोन आला, "काकू, काकांनी वस्तू दिलीय, जीपपाशी या." मला वाटलं करवंदं असतील. भाकऱ्या थापायच्या सोडून, कॉलेजच्या पोरांचे डबे अर्धवट टाकून गेले. बघते तर टोपलीत तुमचा निळ्या चौकड्यांचा शर्ट, आणि शर्टात गुंडाळलेलं कुत्र्याचं पिलू! जीपमधली सगळी माणसं माझ्याकडे बघून दात काढत होती. गोटीराम म्हणतो, "चांदी कुत्रीचं हाय. दूध चाटाया लागलं, म्हणून काकांनी लगेच दिलं. म्हणले, काकू घरात एकटीच, सोबत होईल."

एकटीच! कोणामुळे एकटी, ते सांगितलंत का गोटीरामला? भाऊबीजेच्या दुसऱ्या दिवशी म्हणालात, पाड्यावरची जमीन बघून येतो, आठ दिवसांत परत. आता मे महिना लागला. जमीन काय हातात बांगड्या भरून बसली आहे का, इतकी बघायला? आणि मी असं बोलले तरी काय होते? चेष्टा केली. सगळे हसले, तुम्हीही हसलात.

मोबाईल लावला की ती बाई सांगते, संपर्क क्षेत्राच्या बाहेर. तुम्ही टेकडीवर चढून फोन करता तेव्हा "जेवलीस का" आणि "ठेवतो" यांच्या मध्ये काही नसतंच. म्हणून हे पत्र. वाचा. सातवी पास आहात, बायकोपेक्षा एक इयत्ता जास्त, असं लग्नात सगळ्यांना सांगत फिरत होतात.

पिलू आत्ता शर्टातच झोपलंय. शर्ट काढायला गेले तर कुंईकुंई करतं. राहू दे म्हटलं. शर्टाला चुलीच्या धुराचा आणि तुमच्या तंबाखूचा वास येतोय. तंबाखू सोडली म्हणाला होतात.

नवसाबाई


१५ मे

ज्ञानेशचे बाबा,

तुमचं हे कुत्रं आहे की करवत?

नाव झिपरू ठेवलंय. तुमच्या थोरल्या काकांचं नाव आहे ते ठाऊक आहे मला, पण पिलाच्या कानांवरचे केस बघा आणि मग बोला. काका असते तर तेही हसले असते.

सकाळी मी भाकऱ्या थापायला बसले की हा माझ्या पायाचा अंगठा धरतो. उठले की पदर. पदर सोडवला की हात. दात कसले, सुया आहेत नुसत्या. माझ्या दोन्ही हातांवर ओरखडे. डबे न्यायला येणारी कॉलेजची मुलं विचारतात, "मावशी, बोरं काढायला गेला होता का?" संध्याकाळी तर अंगात येतं त्याच्या. दिवे लागायच्या सुमाराला या भिंतीपासून त्या भिंतीपर्यंत असा सुटतो की बादली आडवी, केरसुणी दारात, चपला खाटेखाली. एक चप्पल तर अजून सापडली नाही. मी मागे धावले की त्याला वाटतं खेळच चाललाय. माझ्या जिवाला नुसता घोर लागलाय.

एकदा लाटणं उगारलं. मारलं नाही, नुसतं जवळ आपटलं. तर लाटण्यालाच चावला, आणि मग मला, आणखी जोरात.

शेवटी गोटीरामकडून तुम्हाला विचारलं. तुमचा निरोप काय आला, तर हाताला मिरचीचं पाणी लाव. वा रे शहाणे! लावलं. झिपरूने हात चाटूनपुसून लख्ख केला. पाड्यावरच्या चांदीचं पिलू ते, कोळंबीच्या रश्श्यावर पोसलेली त्याची आई, त्याला मिरचीचं काय? आणि मी विसरून डोळ्याला हात लावला. डोळे सुजून टोमॅटो झाले. तेवढ्यात शेजारच्या लताबाई विरजण मागायला आल्या. मला बघून खाली बसल्या, पाठीवरून हात फिरवला, म्हणाल्या, "रडू नका हो नवसाबाई. येतील ते."

मी त्यांना मिरचीचं सांगितलं. त्या "हो हो" म्हणाल्या, पण त्यांना काही पटलं नाही.

एक गोष्ट मात्र आहे. सगळं चावतो, तुमचा शर्ट चावत नाही. त्यावर नाक ठेवतो आणि झोपतो. परवा मी तो धुवायला घेतला, साबणही लावणार होते. मग नाही धुतला. पाण्याची टंचाई आहे सध्या.

नवसाबाई


३० मे

ज्ञानेशचे बाबा,

करवंदं पोचली. गोड होती. पण आज करवंदांवर लिहायला बसले नाही.

झिपरू लताबाईंना चावला. त्या आल्या होत्या वाटी परत द्यायला, हा धावत गेला आणि घोट्याला लटकला. रक्त आलं. मी त्यांना लगेच दवाखान्यात नेलं, सुया टोचून घेतल्या. घरी आल्यावर म्हणाल्या, "आपला पंधरा वर्षांचा शेजार आहे म्हणून आज गप्प बसते. पण पुन्हा कोणाला चावलं, तर ज्या जीपमधून आलं त्या जीपमधून परत गेलं पाहिजे. तुम्ही नाही पाठवलं तर मी पाठवीन." त्यांचं काही चुकलं नाही. मीही तेच म्हणाले असते, आणखी चार शब्द घालून.

रात्रभर विचार केला, पाठवून द्यावं परत. कशाला विस्तव पदरात बांधून घ्यायचा? सकाळी टोपली काढली, शर्ट आत घातला. झिपरू आपण होऊन टोपलीत चढला आणि माझ्याकडे बघत बसला. त्याला वाटलं आम्ही दोघं कुठेतरी जाणार.

टोपली तशीच उचलली आणि जनावरांच्या दवाखान्यात गेले.

तिथल्या डॉक्टरीणबाई तरुण आहेत, तृप्ती नाव. त्यांनी झिपरूचा जबडा उघडून बघितला, माझे हात बघितले आणि पहिलंच विचारलं, "आईपासून कधी तोडलं याला?" म्हटलं, जेमतेम महिन्याचा असेल. बाईंनी कपाळाला हात लावला. ऐका आता, नीट ऐका, कारण हे तुमचं काम आहे. पिलू दूध चाटायला लागलं की तुटलं, हे आपल्या पाड्याचं शास्त्र. खरं म्हणजे त्याला आणखी महिनाभर आईजवळ आणि भावंडांत ठेवायचं असतं. तिथे ती एकमेकांना चावतात. एक जास्त जोरात चावलं की दुसरं कें करून ओरडतं आणि खेळ टाकून निघून जातं. मग चावणाऱ्याला कळतं, अरे, एवढ्या जोरात चावलं तर लागतं, आणि खेळायला कोणी उरत नाही. झिपरूला हे शिकवायला कोणी भेटलंच नाही. तुम्ही त्याला आधीच टोपलीत घातलंत. बिचाऱ्याला माहीतच नाही की त्याचे दात लागतात.

बाई म्हणाल्या, "आता तुम्हीच त्याची बहीण व्हा."

मी म्हटलं, "या वयात?"

तर असं करायचं. चावला की "आई गं!" म्हणून मोठ्याने ओरडायचं. हात ओढायचा नाही, मारायचं नाही. उठायचं, त्याच्याकडे पाठ फिरवायची आणि दाराबाहेर जायचं. बोलायचं नाही. आणि मग थोड्याच वेळात परत यायचं. मी विचारलं, थोड्याच वेळात का? चांगला तासभर शिक्षा होऊ द्या की मेल्याला. तर म्हणाल्या, "नाही मावशी. लगेच परत यायचं. जास्त वेळ गेलात तर आपलं काय चुकलं ते तो विसरतो. मग त्याच्या लक्षात एवढंच राहतं की आपल्याला सोडून गेले."

कागदावर नाव लिहिताना त्यांनी विचारलं, याचं पूर्ण नाव काय? मी सांगून बसले, झिपरू सहादू भोये. तुमचं नाव आपसूक तोंडातून गेलं. लस टोचल्याच्या कार्डावर तसंच छापून आलंय.

नवसाबाई


१२ जून

ज्ञानेशचे बाबा,

सगळ्या गल्लीला कळलंय की मी वेडी झाले. दिवसभर माझ्या घरातून "आई गं! आई गं!" ऐकू येतं, मग मी बाहेर येऊन भिंतीकडे तोंड करून उभी राहते, मग आत जाते. भाजीवाला विचारत होता, काकू, बरं वाटत नाही का?

पण फरक आहे. खरंच आहे. परवा झिपरूने हात तोंडात धरला, दात लागायच्या आत आपणच थांबला आणि माझ्या तोंडाकडे बघितलं. विचारत होता, एवढं चालेल का? मी म्हटलं, चालेल रे बाबा. हिरड्या शिवशिवतात त्याच्या, म्हणून ओलं फडकं फ्रीजमध्ये गार करून देते. पहाटे मखमलाबादच्या पाटाकडेने फिरवून आणते. भाकरीचे तुकडे जुन्या गोणपाटात लपवले की हुंगून हुंगून शोधतो आणि दमतो. दमला की झोपवायचा. संध्याकाळचं ते अंगात येणं म्हणजे पेंगुळलेल्या लेकराची किरकिर, असं बाई म्हणाल्या. आपला ज्ञानेशही तसाच करायचा. तुम्ही त्याला खांद्यावर टाकून गल्लीतून फिरवून आणायचात, आठवतंय? मी तोवर भाकऱ्या करायचे.

आता एक बोलते. बाहेर भिंतीकडे तोंड करून उभी असताना सुचलं.

दिवाळीत व्याही-विहीणबाई आल्या होत्या. तुम्ही स्वयंपाकघराच्या दारात खुर्ची टाकून बसला होतात, कंपनीतून रिटायर झाल्यापासून रोजच बसायचात. मी म्हटलं, "यांना गेटवर बसायची सवय लागलीय. कंपनीची राखण संपली, आता माझ्या चुलीची करतात." हशा झाला. तुम्हीही हसलात. दुसऱ्या दिवशी पिशवी भरलीत.

माझी जीभ आजची आहे का? बत्तीस वर्षं ही जीभ तुमच्या घरात आहे. ती तिखट आहे हे तुम्हाला माहीत, मला माहीत, सगळ्या पेठ तालुक्याला माहीत. पण ती लागते, कुठे लागते, किती लागते, हे मला कोणी सांगायचं? तुम्ही कधी एकदा तरी "आई गं" म्हणालात का हो? एकदा तरी ओरडला असतात, की नवसे, हे लागलं. मी तिथल्या तिथे थांबले असते. तुम्ही आपले प्रत्येक वेळी हसलात. शेवटी गुपचूप उठलात, पाठ फिरवलीत, आणि गेलात ते गेलातच.

त्या डॉक्टरीणबाई पिलाबद्दल बोलत होत्या, पण मी ऐकलं ते आपल्या दोघांबद्दल. जास्त वेळ गेलात की काय चुकलं ते विसरायला होतं.

शर्ट आता फाटत आला. चावून नाही, ओढून ओढून. झोपायला जिथे जातो तिथे तोंडात धरून नेतो. बाही सुटली, कॉलर लोंबते. वासही उडत चाललाय. काल मी नाकाला लावून बघितला. नुसता कुत्र्याचा वास आला. मला लय वाईट वाटलं.

नवसाबाई


२६ जून

ज्ञानेशचे बाबा,

धन्य तुमची!

मी एवढं मोठं पत्र लिहिलं. चार दिवस गोटीरामच्या जीपची वाट बघितली. हॉर्न वाजला की झिपरू दाराशी आणि झिपरूच्या मागे मी. आणि काय आलं? दुसरा शर्ट! पिशवीत घडी करून, इस्त्री केलेला. पाड्यावर इस्त्री कुठून आणलीत हो? गोटीराम म्हणतो, "काकांनी पत्र वाचलं, उठले, शर्ट ओढ्यावर धुतला, मला म्हणले पेठेतून इस्त्री करून घे आणि दे." एवढ्या पत्रातून तुम्हाला तेवढंच कळलं, की शर्ट फाटला!

झिपरूपुढे ठेवला. त्याने हुंगला, शिंकला आणि फाटक्या चिंधीवर जाऊन झोपला. साबणाच्या वासाचं त्याला काय करायचंय? गाढवाला गुळाची चव नसेल, पण कुत्र्याला माणसाची असते.

शर्ट खुंटीला लावून ठेवलाय. येता-जाता उगाच दिसतो. त्याच्याशी मी एकदा भांडलेसुद्धा.

तर आता शर्ट पाठवू नका. पाठवायचाच असला तर अंगात घालून पाठवा.

लताबाई काल आल्या होत्या. भीत भीत झिपरूपुढे हात धरला. त्याने चाटला, बोट तोंडात घेतलं आणि सोडून दिलं. त्या म्हणाल्या, "राहू द्या हो, गुणाचा निघाला." म्हणजे झिपरू आता कुठे जात नाही, हे पक्कं. तुम्ही पाठवलेलं माझ्याजवळ राहिलं. पण मला सोबत पाठवायची नव्हती. सोबत यायला हवी होती. इतकं स्पष्ट मी जन्मात कधी बोलले नव्हते, आणि तरी नाय कळलं तर गोटीरामला मोठ्याने वाचून दाखवायला सांगा, जीपमधल्या सगळ्यांसमोर.

शनिवारी पेठ नाक्यावर झिपरूला घेऊन उभी राहीन. भाजी आणायला जायचंच असतं मला तिकडे.

नवसाबाई


८ जुलै

अहो,

हे पत्र गोटीरामकडे द्यायचं नाही. तुम्ही मोरीपाशी बसून झिपरूला अंघोळ घालताय आणि तो तुम्हाला जास्त ओला करतोय, ते इथून दिसतंय मला. बोलायचं म्हटलं तर माझी जीभ मध्येच वाकडी वळते, म्हणून लिहिते.

शनिवारी जीपमधून उतरलात, आणि झिपरूने दोरी हिसकली. तुम्हाला शेवटचं बघितलं तेव्हा मुठीएवढं गाठोडं होता तो. ओळखणार कसा? पण अंगातल्या शर्टाला नाक लावलं आणि वेडा झाला. माझ्या हातातली भाजीची पिशवी रिकामीच होती, ते तुम्ही बघितलंत. काही बोलला नाहीत, ते बरं केलंत.

घरी आल्यावर तुम्ही पुन्हा स्वयंपाकघराच्या दारात खुर्ची टाकलीत. झिपरू आनंदात होता, तुमचा हात करकचून चावला. आणि तुम्ही ओरडलात, "आई गं!" केवढ्याने ओरडलात! बत्तीस वर्षांत मी तुमचा असा आवाज ऐकला नव्हता. मग उठलात, पाठ फिरवलीत आणि दाराबाहेर गेलात.

पत्रात मीच लिहिलं होतं सगळं. मीच शिकवलं होतं. तरी तुमची पाठ उंबऱ्याबाहेर गेली तेव्हा माझी तव्यावरची भाकरी जळून गेली. फाटकाची कडी वाजते का म्हणून कान लावून उभी राहिले.

कडी वाजली नाही. तुम्ही आत आलात, खुर्चीवर बसलात, झिपरूच्या डोक्यावर हात ठेवलात. माझ्याकडे न बघता म्हणालात, "लगेच यायचं असतं ना? मला इतके दिवस कोणी सांगितलंच नाय."

मग म्हणालात, "ते गेटवालं लागलं होतं मला, नवसे."

मी म्हटलं, "बरं."

एवढंच म्हटलं. आणखी काही म्हणायला गेले असते तर रडले असते, आणि या वेळी घरात मिरचीसुद्धा वाटलेली नव्हती.

उद्या तुम्हाला आवणीला जायचंय. रोपं तयार झालीत, भाताचं रान थांबणार नाही, ते मला कळतं. पाड्याचीच पोर आहे मी. जा. पाठ फिरवून जायला माझी काही हरकत नाही. पण आवणी उरकली की लगेच या. मी विसरायच्या आत या.

सकाळी निघताना खुंटीवरचा इस्त्रीचा शर्ट घालून जा. त्याच्याच खिशात हा कागद ठेवते आहे, म्हणजे घालताना लागेल. अंगातला काढून खुंटीला अडकवा. मोरीत टाकू नका, मी धुणार नाही.

झिपरूसाठी म्हणते आहे.

नवसाबाई